विहिणीच्या पंगतीतला आवाज

नीलकंठराव डोर्लीकर गेले, त्यानंतर तेराव्या दिवशी आमच्या मंडळाच्या फळ्यावर एक कागद लागला. 'कै. डोर्लीकर यांनी निवृत्तीनंतर निःस्वार्थ भावनेने समाजबांधवांच्या दोनशेहून अधिक व्हिडिओ कॅसेट स्वच्छ करून सीडीवर उतरवून दिल्या.' मी तो उभ्या उभ्या वाचला आणि माझं डोकंच फिरलं. दोनशे हा आकडा बरोबर होता. निःस्वार्थ मात्र साफ खोटं. इतक्या स्वार्थानं कॅसेटी पुसणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नव्हता. हे मी सांगू शकते, कारण सात वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले. म्हणजे त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत, भाड्यानं.

मी देवश्री, मूळची गोंदियाची. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावात कचेऱ्यांची अशी झुंबड उडाली की जो तो जागा शोधत फिरत होता. मंत्रालय एका जुन्या दवाखान्यात थाटलं होतं. आमचं सिंचाई खातं शंकर नगरात एका बंगल्यात आलं, तिथं स्वयंपाकघराच्या ओट्यावर फायली आणि न्हाणीघरात रद्दी. त्या बंगल्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा नीलकंठराव तिथले बडे बाबू होते, निवृत्तीला वर्षभर उरलेले. वरून हुकूम आला की सगळ्या बाबूंनी कॉम्प्युटर शिकायचा. बाकीच्यांनी 'आता या वयात काय' म्हणून खुर्च्या मागं ओढल्या. हे एकटे वही-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर जाड काचा.

"पोरी, याच्यात व्हिडिओ कॅसेट चालते का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "काका, आधी याला चालू कसं करायचं ते तरी विचारा."

ते हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'कॅसेट – नंतर विचारणे.' पुढे मला खोली हवी होती आणि त्यांची वरची खोली रिकामी होती. बायको, इंदूताई, दीड वर्षापूर्वी काविळीनं आठ दिवसांत गेलेली. एकुलती एक मुलगी पिंकी, लग्न होऊन जबलपूरला. जुन्या राज्याचे दोन तुकडे झाले आणि ती बिचारी जागची न हलता परराज्यात गेली. खाली नीलकंठराव, वर मी, असा आमचा संसार सुरू झाला. भांडणं पहिल्या आठवड्यापासूनच होती, कारण ते पहाटे पाचला नळाखाली बादली लावून जोरजोरात खाकरत.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. त्यात टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं, म्हणजे व्हीसीआरची वायर जोडली की कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरच्या आत शिरतं. चपला काढून, हात धुऊनच ते त्याच्यासमोर बसत. वहीत सगळं टिपलेलं असे, 'माउसचे उजवे बटण दाबणे, मग तिसरी ओळ.' मी सांगितलेली युक्ती तिसऱ्या ओळीवर नसून चौथ्या ओळीवर निघाली तर वही उघडून मला दाखवत आणि माझीच चूक काढत. दसऱ्याला त्यांनी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, आणि सोबत माउसची हळदकुंकू वाहून पूजा केली. त्या काळच्या माउसच्या पोटात गोळी असायची. कुंकू आत गेलं आणि दोन दिवस पडद्यावरचा बाण लंगडत चालत होता. मी चिडून म्हटलं, "पूजा करायची तर फोटोची करा." त्यावर म्हणाले, "फोटोची तं रोजच करतो."

कॅसेटींच्या कामात मात्र हा माणूस कसलेला कारागीर झाला. पाच-सहा वर्षं कपाटात पडलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी धरते. ती तशीच मशीनमध्ये घातली तर मशीनच बिघडते. ते स्क्रू काढून कॅसेट उघडत, गोल बाजारातून आणलेल्या मऊ मलमलीच्या घडीत फीत धरत आणि हातानं, बोटबोट करत, अख्खी फीत पुसून काढत. एका कॅसेटला दोन-दोन दिवस जात. मग ती दुसऱ्या चांगल्या डब्यात भरायची, मशीनचं डोकं स्पिरिटनं पुसायचं, आणि चित्र आत घ्यायचं. आत आलं की पडद्यावरच्या मुंग्या कमी करायच्या, उडालेला रंग आणायचा, नवरीचा हिरवा झालेला चेहरा माणसासारखा करायचा. घरातली वीज मध्येच गेली की तासाभराचं काम पाण्यात. अशा वेळी ते यूपीएसला अस्सल वऱ्हाडी शिव्या देत. त्या मी पहिल्यांदा तिथंच ऐकल्या, एरवी ते माझ्याशीसुद्धा हिंदी मिसळून जपून बोलत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. रायपुरातली मराठी घरं मोजकी, त्यात बहुतेक नागपूर-भंडारा-अमरावतीकडून नोकरीला आलेली. पिशव्या भरभरून कॅसेटी यायला लागल्या. पुतण्याचं लग्न, नातवाची मुंज, कुणाचं बारसं. हे कुणाकडून काही घेत नसत. फक्त एक विचारत, "याच्यात विहिणीची पंगत आहे ना?" लोकांना वाटे, म्हाताऱ्याला जुन्या रीतीभातींची हौस आहे.

मलाही तसंच वाटत होतं. एका रविवारी दुपारी त्यांचा डबा परत द्यायला खाली आले तर ते कॉम्प्युटरसमोर बसून एकटेच तोंड उघडमीट करत होते. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नातली पंगत होती. पाटावर वरमाय बसलेली, मागे पाच-सात बायका उभ्या, त्यात पोपटी साडीची एक बाई पुढे होऊन गात होती. तोंड तिचं हलत होतं, आवाज मात्र कुठल्याशा सिनेमातल्या नाचाच्या गाण्याचा. नीलकंठरावांनी चित्र थांबवलं, एक चौकट पुढे सरकवलं, परत थांबवलं. पडद्यावरच्या बाईसारखा ओठांचा आकार करून पाहिला आणि वहीत एक अक्षर लिहिलं.

"काका, काय करून राहिले?"

ते दचकले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "हे पाहा जरा. ओठ मिटले. हे 'मा' आहे का 'बा'? का 'पा'?"

"कोण आहे ही?"

"इंदू," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, मला तेव्हा वाटलं तेवढं. आमच्या विदर्भात लग्नात विहिणीची पंगत असते. मुलीकडच्या बायकांनी मुलाच्या आईला मानानं पाटावर बसवायचं, आग्रह करकरून वाढायचं आणि मागं उभं राहून तिला गाणं म्हणायचं. थोडे चिमटे, थोडी विनवणी, आमची पोर सांभाळा म्हणून. इंदूताईंना या गाण्यासाठी रायपुरातल्या प्रत्येक मराठी लग्नात बोलावणं असे. त्या नवरीच्या आईला कोपऱ्यात घेऊन दोनच गोष्टी विचारत, पोरीची खोड काय आणि विहिणीचं नाव काय. मग पंगतीत उभ्या राहिल्या की गाणं तिथल्या तिथं जुळत जायचं. कागदावर एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यांचं त्यांनाच आठवत नसे.

"दोनशे लग्नं असतील," नीलकंठराव म्हणाले. "एवढ्या कॅसेटीत ती उभी आहे, गाऊन राहिली आहे, अन् एकीतही तिचा आवाज नाही. त्या हिरालालनं सत्यानाश केला. पुरानी बस्तीतला हिरालाल. सगळ्या मराठी लग्नांची शूटिंग त्याचीच. इकडं बायका गाऊन राहिल्या अन् हा वरून फिलमी गाणे ओतून राहिला."

"पिंकीच्या लग्नाची कॅसेट?"

"तिच्यातही तेच." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला. "दुसऱ्यांच्या पोरींसाठी गायली, ते गेलं तं गेलं. पण पिंकीसाठी काय गायली ते मले ऐकायचं आहे, पोरी. एवढं एकदा ऐकलं की मग काही नको."

"तुम्ही होता ना तिथं?"

"होतो ना. धावपळ होती. ध्यान नव्हतं माझं."

पिंकीनंही ते ऐकलेलं नव्हतं, ती आत साडी बदलत होती. म्हणजे एका आईनं एकुलत्या एका मुलीसाठी गायलेलं गाणं ना बापाला ठाऊक, ना मुलीला. घरात टेपरेकॉर्डर होता, पण तो नाट्यगीतांसाठी. आपल्या बायकोचा आवाज कोण टेप करून ठेवतं? मला त्या दुपारी त्यांची फार दया आली. त्या हिरालालचा मीही मनातल्या मनात उद्धार केला.

पुढे दीड वर्ष मी त्यांच्यासोबत त्या आवाजाच्या मागे लागले. पिंकीच्या लग्नातल्या पंगतीवर जे सिनेमाचं गाणं होतं, त्याची ऑडिओ कॅसेट त्यांनी शोधून आणली. कल्पना अशी की ते गाणं कॉम्प्युटरमध्ये वजा करायचं, मग खाली उरेल तो इंदूताईंचा आवाज. कित्येक रविवार त्यात गेले. वजा केल्यावर खाली नुसती खरखर उरायची. त्या खरखरीला ते कान लावून बसत आणि म्हणत, "आहे, आहे, ऐक, तिचाच श्वास आहे." मला काही ऐकू येत नसे. शेवटी सायबर कॅफेत बसून मी इंग्रजीतून थोडं वाचलं आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की खाली काही नाहीच. व्हिडिओवाला गाणं टाकतो तेव्हा आधीचा आवाज पुसला जातो, झाकला जात नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी म्हटलं, "हिरालालकडे जाऊ. त्याच्याकडे एखादी कच्ची कॅसेट पडली असेल."

"त्या माणसाचं तोंड नाही पाहायचं मले."

सहा महिने हेच उत्तर. मी विषय काढला की ते उठून भाजीला जात. मला वाटे, राग आहे. एवढा राग की बायकोचा आवाज मिळण्याची आशासुद्धा त्यापुढे फिकी, हे मात्र कळत नव्हतं. दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर मी हट्टाला पेटले. म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते. तेव्हा घाईघाईनं चपला घालून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसले.

पुरानी बस्तीत देवळाच्या मागच्या गल्लीत हिरालालचं दुकान होतं. व्हिडिओचा धंदा बसला होता, आता तो मोबाइलचं रिचार्ज आणि झेरॉक्स करत होता. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. नीलकंठरावांना पाहताच काउंटरच्या बाहेर येऊन पाया पडला.

"काकाजी, आप! कितने साल बाद!"

कशासाठी आलो ते मीच सांगितलं. काकींचा आवाज, विहिणीची पंगत. हिरालालचा चेहरा एकदम उजळला.

"काकीजी का आवाज? हव, याद क्यों नहीं रहेगा! बाकी जगह मैं खाना खाने बैठ जाता था। काकीजी गाती थीं तो खड़ा रहता था।"

"मग पुसून काहून टाकला?" मी विचारलं. मला चीड आवरली नाही. "वरून सिनेमाची गाणी काहून टाकली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दीदी, मेरा शौक थोड़े था। पार्टी जैसा बोलती थी, वैसा करते थे। सब यही बोलते थे। काकाजी ने तो चिट्ठी लिख के दी थी।" आणि त्यांच्याकडे वळून, अगदी आपुलकीनं म्हणाला, "याद है ना, काकाजी? आप बोले थे, औरतों का हल्ला पूरा हटा देना, साहब लोग देखेंगे। गानों के नाम भी आपने ही लिखे थे।"

मी नीलकंठरावांकडे पाहिलं. ते काउंटरची काच तळहातानं पुसत होते. काचेवर काहीच नव्हतं.

हिरालालला आपण काय बोलून गेलो याचा पत्ता नव्हता. तो उत्साहात पुढे सांगत होता. बाकी सगळ्यांना तो गाणी टाकून दुसऱ्या कॅसेटवर कॉपी करून द्यायचा, आणि कच्ची कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरायचा. त्यामुळे ते आवाज कायमचे गेले. पण डोर्लीकरांना कॅसेट दोन दिवसांत हवी होती, पिंकीसोबत जबलपूरला पाठवून, सासरच्यांना दाखवून परत आणायला. कॉपी करायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं कच्च्या कॅसेटवरच गाणी टाकली. आणि त्याचा तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा आवाज दोन जागी नोंदवायचा, एक फितीच्या कडेला आणि एक चित्राच्या आत. गाणी टाकली की कडेचा आवाज पुसला जातो, आतला राहतो. घरातल्या साध्या व्हीसीआरला तो आतला ऐकू येत नाही, त्यासाठी वेगळी मशीन लागते.

"मतलब उसमें काकीजी हैं," हिरालाल म्हणाला. "बस आपकी ही कैसेट में हैं।" माळ्यावरून त्यानं टॉवेलात गुंडाळलेली ती मशीन काढली आणि माझ्या हातात दिली.

परतताना रिक्षात मशीन माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, "खरं आहे?"

"खरं आहे." ते रस्त्याकडे पाहत होते. "आमचे चीफ साहेब येणार होते, कॅसेट त्यांच्या घरी दाखवायची होती. जबलपूरवाले सगळे शुद्ध हिंदी बोलणारे. अन् ही मले, तुले करून मोठ्यानं गाणार. मले लाज वाटली, पोरी. तिच्या बोलण्याची लाज वाटली."

मी त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात दिसले तर तोंड फिरवलं. लोक म्हणतील, तुझं काय गेलं, तू तर त्या बाईला पाहिलंही नव्हतंस. पण माझी आई जात्याच्या ओव्या फार छान म्हणायची, आणि आमच्या वडिलांनी पाहुण्यांपुढे एकदा 'काय हे गावंढळ' म्हटल्यावर तिनं आमच्या देखत कधी तोंड उघडलं नाही. मला नीलकंठरावांचा राग आला होता आणि त्यात थोडा वडिलांचाही होता. हिरालालवर मी जो दीड वर्षं फुकट राग धरला, त्याची लाजही वाटत होती.

नवव्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन वर आले. कधी न येणारे. दारातच उभे राहिले. दाढी वाढलेली, बोटं मशीनच्या वंगणानं काळी.

"पट्टा विरघळला होता, नवा बसवला. मशीन चालू झाली." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "मी एकटा नाही ऐकू शकत. तू ये."

मी गेले. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर भंगारवाला ओरडत होता. कॅसेट लावली. लग्न लागलं, अक्षता पडल्या, सगळ्यावर बारीक भुणभुण होती. पण सिनेमाची गाणी नव्हती. खरे आवाज होते. सनई, पोरांचं रडणं, कुणीतरी "मठ्ठा आण रे" म्हणून हाक मारली. नीलकंठरावांनी माझ्या मनगटाला धरलं. पंगत आली. पाटावर विहीणबाई, मागे बायका, आणि इंदूताई एक पाऊल पुढे आल्या.

मी इतके दिवस मनात एक गोड, बारीक आवाज धरून बसले होते. तो तसा नव्हता. जाडसर, जरा बसका, उन्हातान्हात हाका मारणाऱ्या बाईचा होता. पण भीती नव्हती त्यात. समोरच्या बाईच्या डोळ्यात पाहून गात होत्या.

विहीणबाई, माही पोर भोळी, तिले रागवू नका,
चुकली तं हाक मारा, दाराआड बोलू नका.
झोपली तं उठवा बाई, रुसली तं हसवा,
रडली तं सांगा मले –

"इंदू!" एका पुरुषाचा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, दात आवळून काढलेला. "बस कर आता ते. साहेब लोक बसले आहेत इथं."

गाणं थांबलं. पळ्यांचा आवाज तेवढा राहिला. पडद्यावर इंदूताईंनी कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं, हसल्या आणि पदराचं टोक तोंडावर धरलं. ते हसणं आम्ही दोघांनी शंभरदा पाहिलेलं होतं. सिनेमाच्या गाण्यात ते किती छान दिसायचं. नीलकंठराव मला दरवेळी थांबवून दाखवत, "पाहा, गाणं झालं की कशी लाजते ती."

माझ्या मनगटावरचा त्यांचा हात सुटला. त्यांनी कॅसेट मागे घेतली, परत लावली. परत तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर ते लहान मुलासारखे तोंड वेडंवाकडं करून रडायला लागले, आवाज करून. माझा राग त्या क्षणी पार निघून गेला. त्यांना हे आठवत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चिठ्ठी आठवत होती, तिची लाज ते बाळगून होते. हा आपलाच आवाज मात्र ते साफ विसरले होते. रोजचंच असणार.

संध्याकाळी त्यांनी पिंकीसाठी सीडी करायला घेतली. आवाजाची रेघ पडद्यावर होती, इंदूताईंच्या गाण्याच्या लहान लहान लाटा आणि मग एकदम उभा उंच सुळका. मी म्हटलं, "काका, तेवढा काढून टाका. दोन बटणांचं काम आहे. पिंकीला आईचंच ऐकू द्या."

त्यांनी माउसवर हात ठेवला. सुळका निवडलासुद्धा. मग सोडून दिला.

"नाही. मी काढला तं पिंकीले वाटन, तिच्या आईनं गाणं अर्ध्यात सोडलं. ती काहून थांबली, हे पोरीले समजलं पायजे."

सीडी तशीच गेली. आठ-दहा दिवसांनी एका दुपारी फोन आला. नंबर पाहून ते उठले आणि लांब जाऊन बसले, म्हणून मी उचलला. पिंकीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीतच देते.

"दीदी, मैंने कितनी बार सुना। 'रडली तं सांगा मले', उसके बाद आई क्या गाने वाली थी? बाबा से पूछो ना।"

मी फोनवर हात ठेवून विचारलं. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं असावं.

"मले काय माहीत," ते म्हणाले. "एकतीस वर्षं घरात गाऊन राहिली ती. मी तिचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही."

मी पिंकीला सांगितलं, बाबांना माहीत नाही. ती अगदी हळू बोलली.

"दीदी, यहाँ पहले चार साल मैं बहुत रोई हूँ। आई जब तक थी, फोन पे पूछती थी, बरी आहेस ना? मैं बोलती थी, हव, बरी हूँ। मुझे लगता था आई बोलेगी, निभा ले। मुझे मालूम ही नहीं था कि उसने सबके सामने ऐसा बोला था। मालूम होता तो मैं बता देती, दीदी। मैं उसको बता देती।"

नीलकंठराव तिकडून विचारत होते, "काय म्हणते? काय म्हणते ती?"

मी फोन ठेवला. म्हटलं, "काही नाही, काका. गाणं फार आवडलं म्हणते."